४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची घडण

नमस्कार. फळ्यावर मी एकच संख्या लिहिली आहे आणि आजचं सगळं व्याख्यान तिच्यावरच आहे: ४,२९,४९,६७,२९७. वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. संगणक आज हजारो अंकी संख्यांचे हिशेब सहज करतो, त्या मानाने ही दहा अंकी संख्या लहानच म्हणायची. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, ही मूळ संख्या आहे की संयुक्त? त्याला घाम फुटेल. १६४० साली हा प्रश्न निघाला आणि १७३२ पर्यंत त्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

मला आज दाखवायचं आहे ते एवढंच, की मोठ्या संख्येचे अवयव शोधायला आंधळेपणाने भागाकार करत बसावं लागत नाही. संख्या कशी घडली आहे ते नीट पाहिलं, तर अवयव कुठे दडलेले असू शकतात आणि कुठे नक्की नसतात हे ती संख्याच सांगते. हे मी नुसतं सांगणार नाही, फळ्यावर करून दाखवणार आहे. तुमच्याकडे कागद असेल तर तुम्हीही बरोबर करा.

आधी घडण. २ पासून सुरुवात करा आणि वर्ग करत जा. २, मग ४, मग १६, मग २५६, मग ६५,५३६, आणि पुन्हा एकदा वर्ग केला की ४,२९,४९,६७,२९६. आता प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७, आणि सहावी आपली संख्या. घातांच्या भाषेत सांगायचं तर २ चे १, २, ४, ८, १६ आणि ३२ वे घात घेऊन त्यात १ मिळवला. यांना फर्मा संख्या म्हणतात. क्रमांक शून्यापासून लावायची पद्धत आहे, म्हणून आपली संख्या पाचवी.

घातांक १, २, ४, ८ असेच का घ्यायचे? ३, ५, १२ का नकोत? कारण घातांकात १ सोडून कोणताही विषम अवयव असला, तर संख्या लगेच फुटते. १२ घ्या. २ चा १२ वा घात अधिक १ म्हणजे ४,०९७. बारात तीन आहे, म्हणजे हा १६ चा घन अधिक १ झाला, आणि घन अधिक १ ला पाया अधिक १ ने भाग जातोच. इथे तो १७. ४,०९७ = १७ × २४१. म्हणजे '२ चा अमुक घात अधिक १' या साच्यातून मूळ संख्या हवी असेल, तर घातांक हा २ चाच घात असायला हवा. उलट बाजू अर्थात यातून निघत नाही. घातांक २ चा घात आहे, म्हणून संख्या मूळ असेलच असं नाही.

आणि नेमकी हीच उलट बाजू सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला खरी वाटली. १६४० सालच्या पत्रांत त्याने लिहिलं, की या साच्यातल्या सगळ्याच संख्या मूळ आहेत असं आपल्याला वाटतं. सिद्धता नाही हेही त्याने स्पष्ट केलं होतं. पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. ६५,५३७ साठीसुद्धा २५६ पर्यंतच्या ५४ मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं. एका बैठकीचं काम. पण पुढची पायरी एकदम उंच आहे. ४,२९,४९,६७,२९७ चं वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित जास्त. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ६,५४२. तेवढे लांबलचक भागाकार, आणि त्याआधी त्या मूळ संख्यांची यादी हाताशी हवी.

१ डिसेंबर १७२९ रोजी ख्रिस्तियान गोल्डबाख या गणितज्ञाने एका पत्राच्या शेवटी ऑयलर या तरुण स्विस गणितज्ञाला सहज विचारलं, की फर्माचं हे म्हणणं तुला ठाऊक आहे का? ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, वय बावीस. सुरुवातीला त्याने यात फारसा रस दाखवला नाही. पण गोल्डबाखने विषय लावून धरला आणि ऑयलर संख्यासिद्धांतात, म्हणजे संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासात, ओढला गेला तो कायमचा. १७३२ मध्ये त्याने जाहीर केलं, की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

६४१! ६५,५३६ पर्यंत जायचं होतं आणि अवयव सापडला ६४१ ला. तुम्ही म्हणाल, मग २, ३, ५, ७ असं क्रमाने भागत गेलं असतं तरी ११६ व्या भागाकाराला तो सापडलाच असता. खरं आहे. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. पण कुठे थांबावं लागेल हे आधी कुणाला ठाऊक होतं? आणि मुख्य म्हणजे एकशे सोळा भागाकारांची गरजच नाही. पाच पुरतात. का ते आता बघू. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आपल्याला फर्माचंच एक प्रमेय लागेल. तेही १६४० सालचंच. एखादी मूळ संख्या घ्या, तिला प म्हणू. प ने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेऊन तिचा (प − १) वा घात करा. त्याला प ने भागलं की बाकी १ उरते. उदाहरणार्थ प = ७ आणि संख्या २. दोनचा सहावा घात ६४, म्हणजे ६३ अधिक १. बाकी १.

आता २ चे घात ओळीने घेऊन १७ ने भागत जा आणि फक्त बाक्या लिहा: १, २, ४, ८, १६, १५, १३, ९, आणि पुन्हा १. घड्याळाच्या काट्यासारखी फेरी झाली. फेरी आठ पावलांची. अर्ध्या वाटेवर, म्हणजे चौथ्या पावलाला, बाकी १६ आली. १७ च्या हिशेबात १६ म्हणजे उणे १. मग पुढची चार पावलं म्हणजे पहिलीच चार, फक्त उणे चिन्ह लावून, आणि आठव्या पावलाला परत १. आता फर्माचं प्रमेय सांगतं, की सोळाव्या पावलालाही १ यायला हवा. म्हणजे फेरीची लांबी ८ ही १६ ला भागणारी असायलाच हवी. आहेच.

आता आपल्या संख्येकडे वळा. समजा, प ही मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९७ चा अवयव आहे. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ ला प ने भाग जातो. म्हणजेच ३२ व्या पावलाला बाकी उणे १. मग ६४ व्या पावलाला १. तेव्हा फेरीची लांबी ६४ ला भागणारी असणार: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. ती ३२ किंवा त्याहून कमी असती तर ३२ व्या पावलालाच १ आला असता. तिथे तर उणे १ आहे. म्हणजे फेरी बरोबर ६४ पावलांची. आणि फर्माच्या प्रमेयानुसार (प − १) व्या पावलाला १ येतो, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

संपलं. आपल्या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. बाकीच्या सगळ्या मूळ संख्या एका फटक्यात बाद. ३, ५, ७, ११, १३ यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

चला, उमेदवार लिहू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातले ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. भागाकारही पूर्ण करायला नको. २ चा ८ वा घात २५६, त्याचा वर्ग करून बाकी काढा, पुन्हा वर्ग करून बाकी काढा, १ मिळवा. १९३ साठी बाकी उरते १०९. २५७ साठी २. ४४९ साठी ३२५. ५७७ साठी २८८. आणि ६४१ साठी मी फळ्यावर करतो. २५६ चा वर्ग ६५,५३६. यातून ६४१ × १०२ म्हणजे ६५,३८२ वजा केले, राहिले १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. यातून ६४१ × ३६ म्हणजे २३,०७६ गेले, राहिले ६४०. त्यात १ मिळवला की ६४१. बाकी शून्य. दोन वर्ग, दोन वजाबाक्या. ९२ वर्षं अडलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या जागेत मावतं, आणि मला स्वतःला आजही हे करताना तितकाच आनंद होतो.

मागून प्रश्न आला आहे, की २५७ तर स्वतःच फर्मा संख्या आहे, मग ती वगळता येणार नाही का? फार चांगला प्रश्न. येते. या संख्यांचं एक सुंदर नातं आहे. ३ × ५ = १५, म्हणजे १७ पेक्षा २ ने कमी. १५ × १७ = २५५, म्हणजे २५७ पेक्षा २ ने कमी. २५५ × २५७ = ६५,५३५. त्याला ६५,५३७ ने गुणलं की ४,२९,४९,६७,२९५. प्रत्येक वेळी आधीच्या सगळ्यांचा गुणाकार पुढच्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. म्हणून आपल्या संख्येला ३, ५, १७, २५७, ६५,५३७ यांपैकी कशानेही भागलं तरी बाकी २ च उरणार. आत्ता २५७ ची बाकी २ आली ती याचमुळे. कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक अवयव नसतो. गोल्डबाखने यावरून मूळ संख्या अनंत आहेत याची एक निराळी सिद्धता काढली: फर्मा संख्या अनंत, प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, म्हणून मूळ संख्याही अनंत.

आणखी एक पायरी एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७८ मध्ये घातली. तपशिलात शिरत नाही, पण आपला प ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असला की प च्या हिशेबात २ ही कुठल्यातरी संख्येचा वर्ग असते, आणि त्या संख्येची फेरी १२८ पावलांची होते. म्हणजे प − १ ला ६४ नव्हे, १२८ ने भाग जायला हवा. मग यादी होते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ संख्या फक्त २५७ आणि ६४१, आणि २५७ तर आत्ताच बाद झाली. म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१! सहा हजार पाचशे बेचाळीसवरून आपण एकावर आलो.

भागाकार पूर्ण केला की ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. आता दुसरा अवयव तरी मूळ आहे का? तीच युक्ती पुन्हा चालते, कारण त्याचे अवयव हे आपल्या संख्येचेही अवयव. त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. १२८ च्या पटीत १ मिळवून तिथपर्यंत येणाऱ्या मूळ संख्या, २५७ सोडून, चारच: ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकीनेही भाग जात नाही. ६७,००,४१७ मूळ आहे आणि चार भागाकारांत त्याची खात्री झाली. जाता जाता सांगतो, झेरा कोलबर्न नावाचा विलक्षण तोंडी हिशेब करणारा अमेरिकन मुलगा १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये होता, वय आठ-नऊ. त्याला हीच संख्या घातली आणि त्याने ६४१ हा अवयव मनातल्या मनात काढून दिला अशी नोंद आहे.

६४१ ने भाग जातो हे दाखवायची आणखी एक वाट आहे. पाठ्यपुस्तकांत बहुधा हीच सापडते. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक, ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. दुसरी, ६४० + १, म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, अधिक १. ६४१ च्या हिशेबात दुसरी ओळ सांगते की ५ गुणिले २ चा सातवा घात = उणे १. दोन्ही बाजूंचा चौथा घात करा: ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात = १. पहिल्या ओळीवरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे २ चा चौथा घात घाला. मिळतं: उणे २ चा ३२ वा घात = १. झालं. तीन ओळींत सिद्धता. ती देखणी आहे, पण माझं तिच्याशी थोडं भांडण आहे. ६४१ आधी हातात असेल तरच ती सुचते. शोधणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. फेरीचा युक्तिवाद लांब आहे, पण तो अवयवाकडे घेऊन जातो. विद्यार्थ्यांना आधी तो शिकवावा, मग ही गंमत.

तरी या तीन ओळींतून एक अनपेक्षित गोष्ट निघते. ५ गुणिले २ चा सातवा घात = उणे १ याचा अर्थ, १० गुणिले २ चा सहावा घात = उणे १. म्हणजे ६४१ च्या हिशेबात दहा हा २ च्या घातांशी बांधलेला आहे. या ओळीचा सोळावा घात घ्या. १० चा १६ वा घात गुणिले २ चा ९६ वा घात = १. ९६ म्हणजे तीनदा ३२, तेव्हा २ चा ९६ वा घात उणे १. म्हणून १० चा १६ वा घातही उणे १. दशमान पद्धतीत याचा अर्थ काय होतो? १ भागिले ६४१ करा. पहिले सोळा अंक येतात ००१५६००६२४०२४९६०, आणि त्या जागी बाकी ६४०. पुढचे सोळा अंक ९९८४३९९३७५९७५०३९. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. आवर्तन ३२ अंकांचं. आता दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा आणि अंकाखालचा अंक मिळवा: ० आणि ९, ० आणि ९, १ आणि ८, ५ आणि ४, ६ आणि ३. प्रत्येक ठिकाणी नऊ. शेवटपर्यंत नऊ. हा योगायोग नाही. ज्या कारणाने ६४१ आपल्या संख्येला भागतो, त्याच कारणाने हे नऊ येतात.

आता आपल्या संख्येचा दुसरा चेहरा बघू. ती म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी ती एकाच तऱ्हेने लिहिता येते. हे फर्माने सांगितलं आणि ऑयलरने सिद्ध केलं. तेव्हा आपल्या संख्येसाठी दुसरी जोडी मिळाली तर ती मूळ नाही हे ठरलंच. दुसरी जोडी आहे: ६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१. बेरीज करा. ४,२९,४९,६७,२९७.

यातून फक्त 'मूळ नाही' एवढंच कळत नाही, अवयवही हातात येतात. ६५,५३६ च्या वर्गातून ६२,२६४ चा वर्ग वजा करा, तो २०,४४९ च्या वर्गातून १ वजा केल्याइतकाच असणार. वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की

३,२७२ × १,२७,८०० = २०,४४८ × २०,४५०.

आता ३,२७२ म्हणजे ८ × ४०९, २०,४४८ म्हणजे ८ × २,५५६, १,२७,८०० म्हणजे ५० × २,५५६ आणि २०,४५० म्हणजे ५० × ४०९. चारही संख्या ८, ५०, ४०९ आणि २,५५६ यांच्यातूनच झाल्या. ८ आणि ५० निम्मे करा: ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. ४०९ आणि २,५५६ यांच्या वर्गांची बेरीज १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. दोन्ही अवयव फळ्यावर उभे! दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि ती दोन तऱ्हांनी लिहिता येते, हे सूत्र यामागे आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात दिलेल्या 'भावना' नावाच्या गुणाकाराच्या रीतीतूनच ते निघतं. अवयव पाडायला हत्यार म्हणून ते ऑयलरने वापरलं.

आणखी एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अवयव न शोधता ही संख्या संयुक्त आहे हे कळलं असतं का? कळलं असतं. संख्या मूळ असती तर ३ चा ४,२९,४९,६७,२९६ वा घात घेतल्यावर बाकी १ यायला हवी होती. घातांक प्रचंड वाटतो, पण तो २ चा ३२ वा घात आहे, म्हणून ३ घेऊन फक्त ३२ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी काढायची. बाकी येते ३,०२,९०,२६,१६०. १ नाही. संख्या संयुक्त. ३ च्या जागी २ घेतले तर मात्र फसगत होते. ६४ व्या पावलाला १ आला आहेच, आणि हा घातांक ६४ च्या पटीत आहे, म्हणून बाकी १ च येते. हे प्रत्येक फर्मा संख्येच्या बाबतीत घडतं. २ कडून कधीच काही कळत नाही. अशा तऱ्हेची कसोटी १८७७ मध्ये पेपँ या फ्रेंच गणितज्ञाने पक्की केली आणि फर्मा संख्यांसाठी ती आजही वापरली जाते.

पुढच्या फर्मा संख्यांबद्दल थोडक्यात. सहावी वीस अंकी. १८८० मध्ये लाँद्रीने, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचा २,७४,१७७ हा अवयव जाहीर केला. हाही २५६ च्या पटीत १ मिळवूनच आलेला. सातवी ३९ अंकी. पेपँच्या कसोटीने ती संयुक्त असल्याचं १९०५ मध्ये कळलं, अवयव मिळायला १९७० उजाडलं. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे नक्की, पण त्यांचा एकही अवयव आजवर सापडलेला नाही. पाचवीपासून बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त निघाल्या. तेहतिसावीचा निकाल लागायचा आहे, तिला अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत. मूळ फर्मा संख्या माहीत आहेत त्या सुरुवातीच्या पाचच.

या पाचांना भूमितीत फार मोठा मान आहे. १७९६ मध्ये, एकोणिसावं वर्ष पुरं व्हायच्या आधी, गाउसने दाखवलं, की खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यावर सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते. त्याचा सर्वसाधारण निकाल १८०१ मध्ये आला आणि त्याची उलट बाजू वांत्झेलने १८३७ मध्ये पक्की केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल तरच आकृती काढता येते, एरवी नाही. २५७ बाजूंची रीत रिशेलोने १८३२ मध्ये दिली. ६५,५३७ बाजूंसाठी हेर्मेस दहा वर्षं राबला आणि ते हस्तलिखित गटिंगेनला आहे. पाच मूळ फर्मा संख्यांतून असे विषम गुणाकार होतात ३१. सर्वांत मोठा म्हणजे पाचही घेतल्यावर येणारा ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येच्या दोन घरं अलीकडचा.

हे एकतीस गुणाकार एका ठिकाणी क्रमाने मांडलेले मिळतात. मेरुप्रस्तार तुम्हाला ठाऊक आहे, ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. वर १, मग १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १. त्यातल्या विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा. माथ्यावरचा १ ही शून्यावी ओळ. पहिली ओळ ११, म्हणजे ३. दुसरी १०१, म्हणजे ५. तिसरी ११११, म्हणजे १५. चौथी १०००१, म्हणजे १७. पाचवी ११००११, म्हणजे ५१, तीन सतरं. सहावी ८५, सातवी २५५, आठवी २५७. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सगळ्या ज्ञात आकृत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही न गळता. एकतिसाव्या ओळीत बत्तीसच्या बत्तीस १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५.

बत्तिसावी ओळ काढा. दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्यं. २ चा ३२ वा घात अधिक १. इथे क्रम तुटतो, कारण ही ओळ ६४१ × ६७,००,४१७ आहे आणि या दोन्ही मूळ संख्यांपैकी एकही फर्मा संख्या नाही.